सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे. नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. गेली २२ वर्षे रोज १२ ते १५ सिगारेटी ओढतो. खालचा पुढचा एक दात हलू लागला म्हणून दाखवले, तेव्हा हिरड्यांचा आजार बराच पुढे गेल्याचे समजले. चार वेळा बोलावून, भूल देऊन, हिरड्यांखालची खोल सफाई केली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप झाले. पुढच्या दातांत फरक दिसला, पण वरच्या दाढांजवळ अजून ६ ते ७ मिलिमीटरचे पॉकेट (हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल झालेल्या फटी) आहेत, म्हणून फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून सफाई करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. ‘आधी सिगारेट बंद, मगच तारीख,’ असे डॉक्टर म्हणतात. मी दहा दिवस बंद केली, तर कधी नव्हे ते ब्रश करताना रक्त येऊ लागले. घाबरून पुन्हा सुरू केली आणि रक्त कमी झाले. मग सिगारेटने हिरड्या बिघडतात की सुधारतात? शस्त्रक्रियेपुरती ती किती दिवस सोडावी? दिवसाला चार-पाचवर आणली तर चालेल का? मित्र म्हणतो, त्यापेक्षा तंबाखू मळ. डॉक्टरांना यातले काहीच अजून सांगितलेले नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सिगारेट बंद ठेवल्यावर रक्त आले आणि ती पुन्हा सुरू केल्यावर ते कमी झाले, हे तुमचे निरीक्षण अचूक आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे. हिरड्यांच्या दवाखान्यात ही तक्रार नवी नाही. सिगारेट सोडलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी येतो, बेसिनमधल्या गुलाबी फेसाचे वर्णन करतो, आणि आपण डॉक्टरांचे ऐकून फसलो असा भाव त्याच्या चेहऱ्यावर असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या तारखेचा विचार करण्याआधी या रक्ताचाच उलगडा करणे योग्य ठरेल.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी हिरडीत तिची खोली १ ते ३ मिलिमीटर भरते. दातावर साचणारा जिवाणूंचा चिकट थर आणि तो टणक होऊन तयार झालेले किटण या फटीत उतरू लागले, की शरीर बचावासाठी त्या जागेचा रक्तपुरवठा वाढवते. हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश नुसता लागला तरी रक्त येते. बहुतेक माणसे हे रक्त पाहूनच दाखवायला येतात. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत नेमकी हीच खूण दाबली जाते. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर्षानुवर्षे धूर लागत राहिला की त्या हिरडीची सुजण्याची, लाल होण्याची प्रतिक्रियाच मंदावते. ती फिकट, काहीशी करडी, जाड आणि कडक दिसू लागते. आरशात पाहणाऱ्याला ती घट्ट आणि धडधाकट वाटते. आत दाताला धरून ठेवणारे हाड मात्र झिजत असते.

तपासताना डॉक्टर टोकाला गोलसर असलेली, काळ्या पट्ट्यांनी मापे आखलेली एक बारीक सळई हिरडीखाली सरकवतात, ती तुम्ही पाहिली असेल. सिगारेट ओढणाऱ्याच्या वरच्या दातांवर, विशेषतः टाळूकडच्या बाजूने, ही सळई एक पट्टी, दुसरी पट्टी करत कसलाही अडथळा न होता आत जाते, आणि बाहेर काढल्यावर तिच्या टोकाला रक्ताचा टिपूसही नसतो. शिकाऊ असताना मला हे चांगले लक्षण वाटले होते. सरांनी त्याच रुग्णाचा एक्स-रे उजेडासमोर धरला, तेव्हा दातांची मुळे निम्म्याहून अधिक उघडी पडलेली दिसली आणि माझा गैरसमज कायमचा दूर झाला.

सिगारेट थांबली, की आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या होऊ लागतात, रक्तपुरवठा वाढतो आणि आतापर्यंत दबलेला दाह स्वतःला दाखवू लागतो. लंडनमधील संशोधकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूम्रपान सोडलेल्या व्यक्तींच्या हिरड्या सळई लावून तपासल्या, तेव्हा चार ते सहा आठवड्यांत रक्त येणाऱ्या जागांचे प्रमाण सुमारे दुप्पट झालेले आढळले, आणि तेही दात अधिक स्वच्छ राखलेले असताना. तुमच्या दहा दिवसांत घडले ते हेच. अर्थात, येणारे रक्त चांगलेच, असाही याचा अर्थ नाही. ज्या जागी रक्त आले त्या जागी दाह अजून शिल्लक आहे, एवढे ते सांगते, आणि तुमच्या ६-७ मिलिमीटरच्या पॉकेटांकडे पाहता त्यात नवल काही नाही. अशा वेळी ब्रश हलका करणे किंवा ती बाजू टाळणे ही नेहमीची चूक तेवढी करू नका. तिथेच अधिक काळजीने सफाई हवी असते. मात्र ब्रश न लावताच रक्त येत असेल, सकाळी उशीवर डाग दिसत असेल, पू किंवा ताप असेल, अथवा तुम्ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असाल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून घ्या.

आता खोल सफाई होऊनही दाढांचे पॉकेट का भरले नाहीत, ते पाहू. या उपचारात डॉक्टर फक्त अर्धे काम करतात, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. मुळावरचे किटण आणि जिवाणूंचा थर काढून मुळाचा पृष्ठभाग गुळगुळीत करणे हे त्यांचे काम. सैल झालेली हिरडी पुन्हा मुळाला घट्ट बिलगवणे हे शरीराचे. शरीराला त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक म्हणजे उरलेसुरले जिवाणू गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी, दुसरी म्हणजे नवे तंतू विणणाऱ्या पेशी आणि तिसरी, या दोन्हींना पुरेल एवढा प्राणवायू. सिगारेट तिन्हींवर एकाच वेळी घाला घालते. धूम्रपान करणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी जागेवर पोहोचण्यात आणि जिवाणू गिळण्यात कमी पडतात. तंतू विणणाऱ्या पेशी निकोटिन लागलेल्या मुळाला नीट चिकटत नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि हिरडीचा आजार वाढवणाऱ्या जिवाणूंना तर प्राणवायू कमी असलेलीच जागा मानवते. याचा परिणाम असा, की तेच हात, तीच अवजारे आणि तेवढाच वेळ लावूनही सिगारेट ओढणाऱ्याचे पॉकेट न ओढणाऱ्यापेक्षा कमी भरतात. खोल सफाई, फ्लॅप सर्जरी, हाड भरण्याची शस्त्रक्रिया या सगळ्यांना हे लागू आहे, आणि दात गेल्यानंतर बसवायच्या इम्प्लांटचीही त्यातून सुटका नाही.

तुमच्या पुढच्या दातांत फरक पडला आणि दाढांत पडला नाही, यामागे आणखी एक कारण आहे. पुढच्या दाताला एकच मूळ असते. वरच्या दाढेला बहुधा तीन. हाड झिजून ही मुळे जिथे फुटतात तिथवर पोहोचले, की मुळांच्या बेचक्यात किटण बसते आणि हिरडी न उघडता तिथे अवजार नीट फिरवता येत नाही. म्हणून फ्लॅप सर्जरीचा सल्ला योग्यच आहे. तीत भूल देऊन हिरडीची कड अलगद बाजूला केली जाते, मुळे डोळ्यांनी पाहून स्वच्छ केली जातात आणि हिरडी पुन्हा टाक्यांनी बसवतात. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी निघतात. या काळात झुरका ओढताना तोंडात निर्माण होणारे खेचण, धुराची उष्णता आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या या तिन्ही गोष्टी ताज्या जखमेवर एकदम येतात. त्या काळातली एक सिगारेट इतर वेळच्या एका सिगारेटीएवढी राहत नाही.

तुमच्या डॉक्टरांची अट कठोर वाटत असेल, पण ती मनाची नाही. अमेरिका आणि युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१८मध्ये या आजाराचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. आजार किती वेगाने पुढे जाईल याचे अ, ब, क असे तीन दर्जे त्यात ठरवले असून, दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणारा माणूस थेट सर्वांत वेगवान ‘क’ दर्जात धरला जातो. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्के किंवा त्याहून अधिक असलेला मधुमेहीही त्याच दर्जात येतो. तुमच्या पत्रात साखरेचा उल्लेख नाही. वय ४६, पाळीचे काम आणि एवढा पुढे गेलेला आजार पाहता ही तपासणी शस्त्रक्रियेआधी करून घ्यावी, असे मी सुचवेन. धूम्रपान आणि मधुमेह एकत्र आले, तर उपचाराचे सगळे गणितच बदलते.

चार-पाच सिगारेटींवर आणण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांचे विश्लेषण २०००मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार असण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळली. दिवसाला ९ किंवा त्याहून कमी ओढणाऱ्यांतही ती जवळपास तिप्पट होती, तर ३०हून अधिक ओढणाऱ्यांत सुमारे सहापट. म्हणजे कमी केल्याने धोका उतरतो, पण ‘कमी’ हे मुक्कामाचे ठिकाण म्हणून फारसे सुरक्षित नाही. शिवाय अनुभव असा, की संख्या कमी केलेला माणूस उरलेल्या सिगारेटी खोल झुरक्यांनी आणि थोटकापर्यंत ओढतो. त्याच विश्लेषणातली दुसरी बाब तुमच्या उपयोगाची आहे. सोडून ११ वर्षांहून अधिक काळ झालेल्यांत हा आजार असण्याची शक्यता कधीच न ओढलेल्यांइतकी खाली आली होती. अकरा वर्षे हा आकडा ऐकून निराश होऊ नका. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, हिरड्यांचा उपचार घेऊन वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे पॉकेट ओढत राहिलेल्यांपेक्षा अधिक भरलेले दिसले. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही, हे खरे. पण पॉकेट उथळ होणे आणि झीज थांबणे हे वर्षभरातही साधते.

आता ‘शस्त्रक्रियेपुरती किती दिवस’ या प्रश्नाकडे येतो. किमान उत्तर हवे असेल, तर शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर आठ आठवडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये कोणत्याही शस्त्रक्रियेबाबत सांगितले, की चार आठवडे किंवा अधिक आधी धूम्रपान सोडलेल्यांत गुंतागुंत कमी होते. नंतरचे आठ आठवडे हे हिरडीला मुळाशी नव्याने जुळून स्थिर व्हायला लागणाऱ्या काळाला धरून आहेत. पण माझे मत विचाराल, तर ‘पुरती’ हा शब्द पत्रातून खोडून टाकावा. वरच्या दाढांवर पैसे, रजा आणि टाक्यांचे दुखणे खर्च करून नवव्या आठवड्यात टपरीवर परत जायचे असेल, तर ती शस्त्रक्रिया करूच नये, असे मी माझ्या रुग्णाला स्पष्ट सांगेन. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी सफाई करत आहेत ते दात जपणे अधिक प्रामाणिक ठरेल.

सोडायची कशी, हे ‘मन घट्ट करा’ एवढ्यावर सोडून देण्यासारखे नाही. तुमचे दहा दिवस वाया गेलेले नाहीत. तलफ, चिडचिड आणि झोपमोड यांचा सर्वांत तीव्र काळ पहिल्या आठवड्यातच असतो, आणि तो तुम्ही एकदा पार केला आहे. पुढच्या वेळी मदत घेऊन करा. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर सहसा ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम घेतात, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून तिखटसर चव आली, की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा आणि चव गेली की पुन्हा चावायचा. फ्लॅप सर्जरीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र चघळणे टाळलेले बरे, त्यामुळे त्या काळासाठी त्वचेवर लावायच्या निकोटिन पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते असे मीच वर लिहिले, मग हे कसे, अशी शंका तुम्हाला येईल. पॅचमधून निकोटिन सावकाश आणि मर्यादित मिळते, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड व धुरातली हजारो रसायने येत नाहीत. जखम भरण्याच्या दृष्टीने ते सिगारेटीपेक्षा कितीतरी सौम्य आहे. याखेरीज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या आहेत. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांकही आहे. पाकीट रोज हातात धरूनही तो बहुतेकांनी वाचलेला नसतो.

पाळीच्या कामात तलफेच्या वेळा ठरलेल्या असतात, याचा फायदा करून घ्या. मधल्या सुट्टीतला कटिंग चहा, पाळी सुटल्यावरचे फाटकाबाहेरचे उभे राहणे आणि रात्रपाळीतली पहाट, एवढ्या तीनच वेळा आधी सांभाळायच्या आहेत. तलफ काही मिनिटांची असते. चहा टपरीऐवजी कँटीनमध्ये घेतला, तरी निम्मे काम होते, कारण सुट्या सिगारेटीच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२०पासून बंदी असली, तरी टपरीवर हात पुढे केल्यावर काय मिळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

मित्राच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर फार लिहिण्यासारखे काही नाही. मळलेली तंबाखू जिथे ठेवतात, तिथली हिरडी मुळावरून खाली सरकते, त्वचा पांढरी व जाड होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया झालेल्या हिरडीशेजारी ती ठेवणे म्हणजे जखमेत चुना भरणे आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. मिश्रीचेही तेच. आपल्याकडे घराघरांत तिने दात घासले गेले, त्यामुळे ती दंतमंजनच आहे असा समज अजून टिकून आहे. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास देशात १९९२पासूनच मनाई आहे. ई-सिगारेटवर भारतात २०१९पासून बंदी आहे, तेव्हा तोही मार्ग नाही. विडी पानाची असते म्हणून सौम्य, हा समजही सोडून द्या.

घरच्या सफाईत एक बदल करा. साधा ब्रश हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर पोहोचतो, आणि दाढांच्या मधल्या फटींत तर शिरतच नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशासारखे दिसणारे छोटे ब्रश मिळतात. फटीच्या मापाप्रमाणे ते निवडावे लागतात, म्हणून पहिल्यांदा दवाखान्यातच कोणता कुठे जातो ते दाखवून घ्या आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी वापरा. रात्रपाळी असेल, तर सकाळी घरी येऊन झोपण्यापूर्वी. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाने चुळा भरायला सांगितल्या असतील, तर सांगितलेल्या मुदतीपलीकडे त्या चालू ठेवू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा आणि धुराने ते अधिक गडद होतात, आणि डाग पाहून ‘औषधाने दात खराब झाले’ म्हणत उपचारच सोडून देणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला, तर तोही दाखवा. २२ वर्षांच्या सवयीनंतर ही तपासणी हिरड्यांइतकीच गरजेची आहे.

राहता राहिला डॉक्टरांना सांगण्याचा प्रश्न. दहा दिवस सोडली, रक्त आले, पुन्हा धरली, हे सगळे जसेच्या तसे सांगा. रागावतील म्हणून लपवलेत, तर बंद आहे असे समजून ते तारीख देतील, आणि जखम नीट न जुळल्यास कारण कुठे शोधावे, हेच त्यांना कळणार नाही. सांगताना सिगारेट बंद करण्याचा नवा दिवस ठरवूनच जा, आणि शस्त्रक्रियेची तारीख त्या दिवसापासून चार आठवड्यांपुढची मागा. सफाईनंतर तीन महिन्यांनी झालेल्या मोजमापाच्या तक्त्याची एक प्रत मागून घ्या. त्यात प्रत्येक दाताभोवतीची सहा मापे लिहिलेली असतात आणि रक्त आलेल्या जागांवर खूण केलेली असते. सोडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत या खुणा वाढलेल्या दिसतील, याची तयारी आतापासून ठेवा. खुणांपेक्षा मापांकडे पाहा, आणि वरच्या दाढांपुढचे ६ आणि ७ हे आकडे शस्त्रक्रियेनंतर किती खाली येतात, ते पुढच्या पत्रात मला अवश्य कळवा.